नियम सत्तेचाळीस

करंजाच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर रेवस दिसतं. लाँचमध्ये बसलं की थोड्या वेळात पलीकडे. रस्त्याने जायचं ठरवलं तर पेण, वडखळ असा अख्ख्या खाडीला वळसा. हा वळसा चुकवणाऱ्या पुलाची गोष्ट १९८० साली निघाली. काढली मुख्यमंत्री अंतुल्यांनी. त्या वर्षी करंजात जन्मलेली पोरं आता चाळिशी ओलांडून गेली आणि पुलाचं काम आता कुठे हाती लागलंय.

अंतुले बॅरिस्टर होते. आमच्याच जिल्ह्यातल्या आंबेतचे. धक्क्यावर बसून त्या पुलाचा विचार केला की मला दुसरेही एक वकील आठवतात, इथून जवळच्या जासईचे दि. बा. पाटील. आणि मग मनात एकच प्रश्न उरतो. पुढारी होण्याआधी माणूस काय करत होता, हे आपण मत देताना विचारतो का? जात विचारतो, पक्ष विचारतो, लग्नाला आला होता का ते विचारतो. पेशा विचारत नाही. मला तर वाटतं, तोच सगळ्यात आधी विचारावा.

दि. बां.चा जन्म १९२६ चा, आगरी शेतकऱ्याच्या घरातला. वकील झाले, शेतकरी कामगार पक्षात आले, आणि १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी पनवेलचे आमदार झाले. पाच वेळा आमदार, दोनदा खासदार, विधानसभेत विरोधी पक्षनेते. ही जंत्री कुठेही मिळेल. मला सांगायचंय ते वेगळं.

नवी मुंबई वसवायला १९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांवर संपादनाची अधिसूचना पडली. कायदा कोणता? १८९४ चा, इंग्रजांचा. त्यातल्या कलम चारची नोटीस ज्या दिवशी निघते, त्या दिवसाच्या बाजारभावाने जमिनीची किंमत. हरकत घ्यायची तर मुदत तीस दिवसांची. शहर पुढे उभं राहणार, भाव पुढे चढणार, पण शेतकऱ्याच्या हातात पडणार तो खाजणाचा, मिठागराचा जुना भाव. ही गोम भातशेती करणाऱ्याला कशी कळावी? ती कळायला वकील लागतो. आणि नुसती कळून भागत नाही, ती शेतकऱ्याच्या भाषेत सांगावी लागते, ओट्यावर बसून, पुन्हा पुन्हा. दि. बां.नी चौदा वर्षं हे केलं. ही त्यांची खरी वकिली. कोर्टातली नव्हे, गावातली.

१९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, दास्तान फाट्यावर आणि नवघरला पोलिसांनी आंदोलक शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. पागोट्याच्या तिघांसह पाच जण गेले. त्यांच्या रक्तातून १९९० साली साडेबारा टक्क्यांची योजना आली. संपादन झालेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी कपात होऊन हातात राहतात पावणेनऊ. शंभर गुंठे गेले, तर पावणेनऊ गुंठे आले. पण ते पावणेनऊ गुंठे शहरातले होते, शहराच्या भावाचे होते. ज्याला हा फरक कळतो, त्याला दि. बा. कळले. नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचं नाव द्यावं म्हणून २०२१ साली माणसं हातात हात धरून रस्त्यावर उभी राहिली, त्यामागे हाच हिशेब होता.

आता दुसरे वकील. अंतुल्यांचा झपाटा मी नाकारत नाही. निराधारांसाठीची संजय गांधी योजना त्यांच्या काळातली. कुलाब्याचा रायगड झाला तोही १९८१ साली, त्यांच्याच हातून. पण त्यांना खुर्ची सोडावी लागली ती सिमेंटपायी. सिमेंटची टंचाई होती, परवाना सरकारच्या हातात होता, आणि इंदिरा गांधींच्या नावाच्या प्रतिष्ठानाला देणग्या येत होत्या. अरुण शौरींनी १९८१ साली ते इंडियन एक्सप्रेसमध्ये छापलं, मृणाल गोरे आणि प. बा. सामंत कोर्टात गेले. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध असल्याचा निकाल दिला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. पुढे फौजदारी खटला इतका लांबला की १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींना आपल्याच न्यायालयाचा १९८४ चा आदेश चुकीचा ठरवावा लागला. तो निकाल अंतुल्यांच्या बाजूचा होता. हेही सांगितलंच पाहिजे.

पण मला त्या प्रकरणात दिसतं ते एवढंच: माणूस बॅरिस्टर होता, कायदा तोंडपाठ होता, आणि तरी सरकारी टेबलावर कायद्याच्या शेजारी धंदा येऊन बसला, तेव्हा कायदा गप्प झाला.

मग धंदा स्वतःच राजकारणात आला. त्यात आश्चर्य नाही. सिडकोने शहर वसवायला घेतलं म्हणजे काय केलं? खाजण बुजवलं. बुजवायला मुरूम लागला, मुरूम आणायला डंपर लागला. ज्याची जमीन गेली होती, त्याच्याच घरात भरावाचं काम आलं. मी हे दोष म्हणून सांगत नाही. भात गेल्यावर माणसाने दुसरं काय करायचं? त्यातून हिंमतीने वर आलेली माणसं आहेत. ठेकेदारीतून पुढे आलेले रामशेठ ठाकूर १९९८ साली शेकापच्या तिकिटावर खासदार झाले, तेही अंतुल्यांनी १९८९, ९१ आणि ९६ ला जिंकलेल्या कुलाब्याच्या जागेवर. आणि १९९९ ला त्यांच्यासमोर कोण होतं? शिवसेनेच्या तिकिटावर उभे राहिलेले दि. बा. हरले. शाळा-कॉलेजांना ठाकुरांनी सढळ हाताने मदत केली, हे उभा जिल्हा जाणतो. माझा रोख एका माणसावर नाही. त्या दोन निवडणुकांत या भागातल्या पुढाऱ्याचा पेशा बदलला, आणि त्यावर कोणी बोललं नाही.

वकिलांच्या बार कौन्सिलचा एक नियम आहे, सत्तेचाळिसावा. वकिली करणाऱ्याने स्वतः धंदा चालवायचा नाही. पैसे गुंतवून निष्क्रिय भागीदार राहायला हरकत नाही, पण गल्ल्यावर बसायचं नाही. का? दोन मालकांची चाकरी एका अंगाने होत नाही म्हणून. एका साध्या खातेफोडीच्या वकिलाला हा नियम लागू आहे. आणि ज्याच्या सहीने रस्त्याचं, बंदराचं, भरावाचं कंत्राट हलू शकतं, त्या आमदाराला? लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ९ अ आहे: सरकारशी चालू कंत्राट असेल तर अपात्र. पण काम पूर्ण झालं की कंत्राट चालू राहिलं नाही, मग सरकारकडून पैसे यायचे बाकी असले तरी. आमदार झाल्यावर धंदा सोडायचा, असं त्याला कोणी सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आमदार-खासदारांना वकिली करायला मोकळीक दिली. धंदा करायची तर त्यांना कधी मनाईच नव्हती.

नियम सत्तेचाळीस विधानसभेलाही लावा. हे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो आहे. धंदा केलेला माणूस नको, असं नाही. धंद्यात हिशेब शिकलेला माणूस हवाच. पण शपथ घेतली की डंपरची चावी दुसऱ्याच्या हातात जावी.

तोवर आपल्या हातात एक कागद आहे. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात २०१८ पासून सरकारशी आणि सार्वजनिक (पब्लिक) कंपन्यांशी केलेल्या करारांचा रकाना आहे. त्याचे, त्याच्या बायकोचे, ज्या भागीदारीत आणि कंपन्यांत त्यांचा हिस्सा आहे त्यांचेही. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही तो वाचता येतो. पुढच्या वेळी करंजात मतं मागायला जो कोणी येईल, त्याच्या त्या पानाची प्रत मी काढून ठेवणार आहे. सुकट वाळत घातलेल्या अंगणात खुर्ची देईन, पाणी देईन आणि तो रकाना त्यालाच मोठ्याने वाचायला सांगेन.