मत कसं बनवावं: कॅम्प नंबर तीनमधल्या नवशिक्यांसाठी सात धडे

उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमध्ये नव्यानं राहायला आलेल्या माणसाला तीन गोष्टी तातडीनं लागतात: पाणी किती वाजता येतं याची माहिती, गॅसचं कनेक्शन आणि पडद्यांबद्दल मत. पहिल्या दोन शेजारी मिळवून देतात. तिसरी ज्याची त्यानं कमवायची असते. शेजाऱ्यांकडे ती आधीच आहे, पण ती तुमच्या पडद्यांबद्दल आहे.

ही मार्गदर्शिका ज्यांना अजून ‘मला काहीही चालतं’ असं म्हणायची सवय आहे त्यांच्यासाठी. काहीही चालणाऱ्या माणसाला इथे दुकानदार सगळ्यात महाग माल दाखवतो आणि शेजारीण सगळ्यात स्वस्त माल सुचवते. दोघांच्या मधून वाट काढायची तर स्वतःचं मत हवं. ते खरंच असावं अशी अट नाही. ठाम मात्र असावं.

धडा पहिला: शेजाऱ्याला हक्क कुणी दिला?

हा प्रश्न नवशिके पहिल्याच आठवड्यात विचारतात, म्हणून आधी इतिहास. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे लष्कराचा कल्याण ट्रान्झिट कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच बराकींत जागा देण्यात आली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून वसाहतीचं नाव पडलं. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक बराकीत आता एकेका छपराखाली कितीतरी संसार. दोन संसारांमध्ये आडोसा आला. तो चादरीचा, गोणपाटाचा, पत्र्याचा की विटांचा, हे ज्याच्या त्याच्या ऐपतीवर होतं.

तेव्हा या शहरातली पहिली घरसजावट म्हणजे आडोसा, आणि तो दोन्ही बाजूंनी दिसायचा. अर्धी भिंत ज्याची, तो तिच्या रंगाबद्दल बोलणारच. आज बराकीच्या जागी इमारत उभी राहिली असली तरी पत्त्यात बराक नंबर आणि सेक्शन टिकून आहेत. बोलण्याचा हक्कही टिकून आहे. वाद घालू नका, पुढच्या धड्याकडे वळा.

धडा दुसरा: कुठून आणलं?

तुमच्या घरातल्या कुठल्याही वस्तूबद्दल पहिला प्रश्न ‘केवढ्याला?’ नसतो, ‘कुठून?’ असतो. उत्तर पाठ असावं. कापडासाठी गजानन मार्केट किंवा जपानी बाजार, लाकडासाठी फर्निचर बाजार, जीन्ससाठी रूळ ओलांडून पूर्वेला कॅम्प पाच. ‘इथूनच, कोपऱ्यावरून’ असं चुकूनही म्हणू नये. जवळून आणलेली वस्तू महागच असते, हे इथलं गृहीतक आहे आणि त्याला पुरावा लागत नाही.

‘दादरहून आणलं’ हे उत्तर तर त्याहून घातक. मुंबईतल्या दुकानदारांच्या गाठोड्यांतला बराच माल इथूनच जातो. दादरहून आणलेला पडदा मुळात गजानन मार्केटमधून गेला असेल, तर त्याला लोकलचं भाडं दोनदा पडलं, एकदा जायचं आणि एकदा यायचं. हा हिशेब तुम्हाला कुणीतरी मोठ्यानं करून दाखवेल, आणि तेही घरात पाहुणे असताना.

धडा तिसरा: पडदा

पडदा हा प्राथमिक विषय आहे. यात नापास झालेल्याला सोफ्याच्या वर्गात बसू देत नाहीत.

आधी गणित. खिडकी चार फुटांची असेल तर कापडही चार फूट, असं नवशिका समजतो. तसा पडदा सरळ, सपाट लटकतो आणि घराला दवाखान्याची कळा येते. चुण्या पडायला रुंदीच्या दुप्पट कापड लागतं. कापडाचा पन्हा 48 इंच असेल तर चार फुटांच्या खिडकीला दोन पट्टे हवेत. उंची सात फूट धरली तर वरची-खालची दुमड धरून एका पट्ट्याला आठ फूट, म्हणजे जवळजवळ अडीच मीटर. दोन पट्ट्यांचे पाच मीटर. सुती असेल तर शिवण्याआधी भिजवून घ्यावं, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर पडदा खिडकीच्या कडेवर येऊन थांबतो. पश्चिमेची खिडकी असेल तर अस्तर लावावं. हे सगळं तुम्हाला येतं, ते दुकानात कळू देऊ नये.

आता कृती. दुकानात शिरून तिसऱ्या थानाकडे बोट दाखवावं, पहिल्याकडे कधीच नाही. कापड हातात घेऊन उलटं करावं आणि उलटीकडून बघत राहावं. काय बघायचं ते ठाऊक नसलं तरी चालेल, वेळ मात्र पुरेसा लावावा. मग भाव विचारावा. आकडा ऐकल्यावर चेहरा न बदलता शेजारणीकडे पाहावं. शेजारीण सोबत नसेल तर खरेदीला निघालातच का? शेजारणीचं काम फक्त ‘राहू दे, पुढे बघू’ एवढं म्हणायचं. ‘दीदी, होलसेल का रेट लगाया है’ हे उत्तर आलं की समजावं, भाव आता उतरू लागेल. पायरी उतरावी, पण सावकाश. भरभर उतरणाऱ्याला कुणी परत बोलावत नाही.

भाषेबद्दल एक टीप. तुम्ही हिंदीत बोलाल, कारण दुकानदार सिंधी आहे. तो मराठीत उत्तर देईल, कारण तो इथेच जन्मलाय, इथेच शिकलाय. दोघेही एकमेकांची भाषा बोलून मान देत राहतात आणि भाव दहा रुपयांवर अडून राहतो. हा भाग गाळू नये. इथली खरी ओळख याच दहा रुपयांत होते.

धडा चौथा: लाकूड, फोम आणि ते कपाट

फर्निचरच्या दुकानात बोटाच्या पेरानं फळीवर टकटक करणं अनिवार्य आहे. आवाजावरून काही कळतं का? सुताराला कळतं. तुम्हाला फक्त कळल्यासारखं दिसायचं आहे.

खरी माहिती हवी असेल तर शिक्का बघा. प्लायवर ‘एमआर’ लिहिलेलं असलं की नवशिका त्याला वॉटरप्रूफ समजतो. एमआर म्हणजे दमटपणा सोसणारं, पाण्यात उभं राहणारं नव्हे. ओट्याखाली आणि मोरीच्या भिंतीला आयएस 710 शिक्क्याचं मरीन प्लाय लागतं. पार्टिकल बोर्डाची टीव्ही युनिटं दिसायला राजेशाही असतात, पण भुशापासून बनलेली असल्यानं पाणी लागलं की फुगतात. ज्या शहरानं 26 जुलै 2005 चा पूर पाहिलाय आणि ज्याच्या मधून वालधुनी नदी वाहते, तिथल्या तळमजल्यावर जमिनीला टेकलेला बॉक्स बेड घेणाऱ्याला मत आहे, असं म्हणता येत नाही. त्याला फक्त हप्ता आहे.

सोफ्यात ‘40 डेन्सिटी’ म्हटलं की मान डोलवावी. हा आकडा म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. तो गादीच्या आत असतो आणि तुम्ही बाहेर असता. चेन उघडून बघायला परवानगी मागावी. परवानगी मिळाली तर माल बरा, नाही मिळाली तर निर्णय सोपा झाला.

लोखंडी कपाट कुठल्याही कंपनीचं असो, त्याला ‘गोदरेजचं कपाट’ म्हणायचं. ते कुठल्या भिंतीला लावायचं यावर तीन मजल्यांतून मतं येतील. सगळी ऐकावीत. कपाट चौथ्या जागी लागेल.

धडा पाचवा: छत

या धड्यात गंमत नाही. मे 2021 मध्ये याच शहरात, दोन आठवड्यांच्या आत, दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं गेली. पीओपीचं फॉल्स सीलिंग लावलं की ओल, तडे आणि गंजून उघडी पडलेली सळई सगळं त्याच्या वर झाकून जातं. म्हणून दिव्यांची रांग ठरवण्याआधी स्लॅब नीट बघावा. पोपडे सुटत असतील, ठोकल्यावर पोकळ वाजत असेल तर डेकोरेटर नको, स्ट्रक्चरल इंजिनियर आधी. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी ‘आमच्या बाथरूममधून तुमच्याकडे गळतंय का हो?’ असं विचारलं, तर त्याला नसती चौकशी समजू नये. या शहरात दिलेल्या सगळ्या मतांमध्ये ते सगळ्यात मोलाचं.

धडा सहावा: हस्तकला, म्हणजेच रुखवत

मराठी घरात हस्तकलेची खरी परीक्षा लग्नात, रुखवताच्या टेबलापाशी होते. लोकरीचं तोरण, मोत्यांची सुपारी, बाटलीवरची वारली, खोबऱ्याची गणपतीची मूर्ती. यातलं काहीही ‘घरी केलंय?’ या प्रश्नातून सुटत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर पुढचा प्रश्न ‘कुणी?’ आणि मामेबहिणीचं नाव ऐकल्यावर ‘तरीच!’ हा ‘तरीच’ कौतुकाचा की दुसरा, हे आयुष्यभर कळत नाही.

नवशिक्यांनी गोधडीपासून सुरुवात करावी. शिलाईच्या कारखान्यांतून निघालेले कटपीस आणि जीन्सच्या कडा किलोवर मिळतात. जीन्सची गोधडी अंगावर घेऊ नये, तिचं वजन पाहता ती पायपुसणं म्हणूनच जन्मलेली असते. सुती कटपिसांची मात्र उत्तम होते. टाके समान यायलाच हवेत असं नाही. समान आले तर मशीनवर केली, असं म्हणतील.

गणपतीच्या मखराबद्दल मत बनवणं आता सोपं झालंय. मार्च 2018 च्या प्लास्टिकबंदीनं थर्माकोलची सजावटही गेली, आणि ज्यांना थर्माकोल कापताच येत नव्हता ते सगळे एका रात्रीत पर्यावरणवादी झाले. कापड, पुठ्ठा, कागद वापरावा. कापडाच्या बाबतीत तुम्ही जगातल्या बऱ्या जागी राहता.

धडा सातवा: वाणसामान

भाजीबद्दलची मतं बाजारात बनत नाहीत. ती संध्याकाळच्या बदलापूर लोकलच्या लेडीज डब्यात, मेथी निवडता निवडता बनतात. ठाण्याहून निघालेलं ‘आज मटार महाग’ हे मत उल्हासनगर येईपर्यंत बातमी झालेलं असतं. डब्यात उभं राहायला जागा नसली तरी ऐकायला जागा असतेच.

काही मतं तयार मिळतात, ती अशी. कमळकाकडी, जिला इथे सगळे भें म्हणतात, दोन्ही टोकं बंद असलेलीच घ्यावी. टोक तुटलेलं असलं की चिखल आतल्या नळ्यांत शिरतो आणि मग कितीही धुवा. पावसाच्या सुरुवातीला मुरबाड-कर्जतकडच्या बायका शेवळं घेऊन बसतात. ती घेताना काकडं किंवा चिंच मागून घ्यावी, नाहीतर घसा खवखवतो आणि बोलता येत नाही, म्हणजे मतच मांडता येत नाही. टाकळा कोवळा असेल तोवरच. जांभळं बदलापूरची, असं विक्रेत्यानं सांगायच्या आधी तुम्ही सांगावं.

तांदळात वाडा कोलमला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून बाजारातली जवळजवळ प्रत्येक गोणी वाड्याची झाली. दाणा बारीक, आखूड आणि शिजल्यावर मोकळा आहे का ते बघावं, गोणीवरची अक्षरं नंतर वाचावीत. तेलाच्या पिशवीवरचं वजन मात्र जरूर वाचावं. एक लिटर तेल भरतं सुमारे 910 ग्रॅम, आणि शेजारच्या, तेवढ्याच दिसणाऱ्या पिशवीत त्याहून कमी असू शकतं. पाकिटावर आता प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर दरही छापलेला असतो. तो बारीक अक्षरांत असतो, म्हणून चष्मा घरी विसरणाऱ्यांना ‘ऑफर’ फार आवडतात.

शेवटी कढी. आपली कढी ताकाची. सिंधी कढीत ताक नसतं. बेसन तेलात खरपूस भाजून, चिंच घालून, शेवग्याच्या शेंगा, भेंडी, बटाटा सोडून ती उकळतात. ‘ही कढी नव्हेच’ हे मत प्रत्येक मराठी नवशिक्याला पहिल्या वाटीला होतं. ते जिभेवर ठेवावं आणि दुसरी वाटी मागावी. तिसऱ्या वाटीपर्यंत मत आपोआप बदलतं. रविवारी सकाळी दाल-पकवानला आणि होळीच्या सुमाराला घियरला हाच नियम.

अंतिम परीक्षा

लेखी पेपर नाही. समोरच्या खोलीत नवं कुटुंब सामान उतरवायला लागलं की परीक्षा सुरू झाली, असं समजावं. पडद्याच्या रंगावर बोलल्यास 10 गुण. सोफा कुठून घेतला, हे विचारल्यास 10. विचारलं नसताना कपाटाची जागा सांगितल्यास 20. उरलेले 60 गुण कपाटाचं दुसरं टोक धरल्याबद्दल.

टोक न धरता दिलेलं मत कितीही बिनचूक असलं तरी नापास. टोक धरून साफ चुकीचं मत दिलं तरी पास. फेरपरीक्षा त्याच दिवशी संध्याकाळी: तोवर कपाट त्या भिंतीला मावत नाही, हे सगळ्यांना कळलेलं असतं.