मांतेका आहे का, एवढं विचार

आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या परसांच्या मध्ये सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत आहे. अमेरिकेतल्या या टूसॉनमध्ये कुंपण म्हटलं की हेच. ती माझ्या हनुवटीला लागते आणि काकूंच्या कपाळाला. म्हणून त्यांच्या बाजूला एक बादली कायम उपडी पडलेली असते. जूनमध्ये इथे पाचलाच फटफटतं. झाडांना पाणी घालायचं तर तेव्हाच, कारण नऊनंतर नळीतून पहिली दोन मिनिटं चहाचं आधण येतं. त्यामुळे आमच्या गप्पा भल्या पहाटे. त्या दिवशीही बादली वाजली आणि काकूंचं डोकं वर आलं.

"काय गं, रात्री उशिरापर्यंत दिवा होता. भांडलात?"

"नाही हो. आई-बाबा येताहेत शनिवारी, अमळनेरहून. खोली लावत होतो."

"अगं बाई! किती दिवस?"

"दीड महिना."

काकूंनी नळी बंद केली. म्हणजे विषय मोठा होता.

"मग दीड महिना काय पोळ्याच लाटणार आहेस? बाहेर न्यायला हवं त्यांना. खाण्यापिण्याचं काय?"

"आई अंडंसुद्धा खात नाहीत. बाबाही तसे… आईंसारखेच."

"तसे?" काकूंच्या कानातून काही सुटत नाही. "बरं. कुठे नेणार म्हणतेस?"

"म्हटलं, पहिल्या दिवशी आपल्या इंडियन हॉटेलात…"

"नाव घेऊ नकोस. मागच्या दिवाळीला आम्ही सहाजणं गेलो होतो एका ठिकाणी. पनीर मखनी, कोर्मा आणि दाल. भांडी तीन, चव एक. वर तो पोरगा विचारतो, तिखट एक ते दहात किती? मी म्हटलं, बाबा रे, आमच्या खान्देशात मोजत नाहीत. त्यानं दहा म्हणून जे आणलं ना, ते आमच्या भुसावळला बाळंतिणीला देतात. अर्धी पृथ्वी ओलांडून माणसं येणार आणि तू त्यांना तो कोर्मा घालणार? त्यापेक्षा त्यांना मांडे दाखव."

मी पुण्याची. लग्नानंतर अमळनेरला पहिल्यांदा खापरावरचे मांडे पाहिले, तेव्हा त्या बायकांच्या हातांकडे बघत राहिले होते. पण ते इथे?

"इथेच," काकू म्हणाल्या आणि त्यांनी बादलीवर उभ्या उभ्या हवेत मांडा करायला घेतला. "अस्सा सैल गोळा घ्यायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. या हातावरून त्या हातावर, त्या हातावरून या हातावर. आधी मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत, मग पार वर. पलीकडचा माणूस दिसावा इतका पातळ झाला की उपड्या कढईसारख्या लोखंडी तव्यावर झोकायचा. आपलं खापर मातीचं, यांचं लोखंडाचं, एवढाच फरक. आणि पुरण नाही."

"नाव काय त्याचं?"

"तिथेच घोटाळा आहे. सोबाकेरा म्हणतात. सोबाको म्हणजे काख. हातावर वाढत वाढत काखेपर्यंत जाते ना! तुझ्या सासूबाईंना हा अर्थ सांगू नकोस, नावावरूनच ताट सरकवतील. तोर्तिया दे आग्वा म्हण. पाण्याची पोळी. तेही खरंच नाव आहे."

सीमेपलीकडचा सोनोरा हा मेक्सिकोचा प्रांत गव्हाचा, हे मला काकूंकडूनच कळलं. मेक्सिकन खाणं म्हणजे मका, हे आपल्या डोक्यात बसलेलं असतं. इथला जुना पांढरा गहू स्पॅनिश पाद्र्यांनी 17व्या शतकाच्या अखेरीस आणला, तो या कोरड्या जमिनीत रुजला आणि मक्याच्या जोडीनं घराघरांत मैद्याच्या पोळ्या सुरू झाल्या. इथल्या बारिओ ब्रेड या बेकरीचा डॉन गेर्रा याच गव्हाचे पाव करतो. आधी शाळामास्तर होता. 2009 साली घरच्या गॅरेजात भट्टी लावली आणि 2022 साली त्याला अमेरिकेतला उत्कृष्ट बेकर म्हणून जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. काकू मात्र त्याच्याबद्दल बोलताना 'आपला डॉन' म्हणतात, जणू तो त्यांच्या भिशीत आहे.

"पण एक ध्यानात ठेव," काकूंनी आवाज उतरवला. बाजूच्या घरात ऐकू जाईल असं काही नव्हतं, पण गोष्ट तशी होती. "मांतेका."

"ते काय?"

"डुकराची चरबी. पोळीत मोहन म्हणून घालतात आणि ते घोटलेले घेवडे असतात ना, फ्रिहोलेस, त्यांतही. दिसतात अगदी आपल्या डाळीच्या घट्ट्यासारखे निरागस. मी इथे आल्यावर पहिली दोन वर्षं चाटूनपुसून खाल्ले. मग एकदा कुणीतरी सांगितलं. काय करणार, गंगेत बुडी मारायची तर ती इथून फार लांब! तू सरळ विचारायचं, 'तिएने मांतेका?' नाही म्हणाले तर बस. लाजायचं नाही. तुमच्या पुण्यात दुकानदाराला विचारायची भीती वाटते, तसं इथे नाही."

हे मी ऐकून घेतलं. अमळनेरची सून म्हणून काकू मला जवळ करतात आणि पुण्याची लेक म्हणून अधूनमधून चिमटा काढतात.

"चीज क्रिस्प दे त्यांना," त्या पुढे म्हणाल्या. "ही मोठी पोळी पापडासारखी कडक करायची आणि वर चीज वितळवायचं. पोळीला तेवढं विचारून घे. कालाबासितास मिळतात, म्हणजे कोवळ्या भोपळ्याची मक्याचे दाणे घालून केलेली भाजी. त्यात सासूबाईंना काही परकं वाटणार नाही. आणि विचारायची कटकटच नको असेल, तर तुमेरिको. सगळं शाकाहारी, मालकीण सोनोराकडची, आजीच्या हाताखाली शिकलेली. रोज काय आहे ते फळ्यावर. निवडुंगाचे टाको, फणसाचे टाको. तुझ्या सासूबाईंना म्हणावं, फणसाची भाजी भाकरीत गुंडाळली आहे."

"पण तिकडे पार्किंग…"

"अगं, जून आहे! पोरं गेली ना सगळी घरी. मे महिन्यात युनिव्हर्सिटीच्या पोरांनी गाद्या रस्त्यावर टाकल्या की हे गाव आपलं होतं. ऑगस्टपर्यंत फोर्थ ॲव्हेन्यूवर हवं तिथे गाडी लाव. फेब्रुवारीत ते हिरेमाणकांचं प्रदर्शन भरतं आणि थंडी चुकवायला आलेले म्हातारे असतात, तेव्हा साध्या कॉफीलाही रांग. उन्हाळ्यात कुत्रं नसतं. ऊन सोसणाऱ्यालाच इथे टेबल मिळतं."

खरंय ते. माझा नवरा युनिव्हर्सिटीत ऑप्टिक्समध्ये आहे. फुटबॉल स्टेडियमच्या बाकांखालीच मोठमोठ्या दुर्बिणींचे आरसे घडवणारी प्रयोगशाळा आहे, आणि सामन्याच्या शनिवारी तिथून मैलभर कुठेही जेवायला जाणं म्हणजे वेडेपणा. जूनमध्ये तिथे फक्त उन्हाची झळ दिसते.

"आणि एल चार्रोच्या गच्चीवरचं वाळवण दाखव त्यांना."

"वाळवण?"

"मांसाचं गं. कार्ने सेका. लिंबू-लसूण लावून पट्ट्या जाळीच्या पिंजऱ्यात घालून वर उन्हात टांगतात. सासूबाईंना सांग, कुरडया आहेत." काकू स्वतःच्याच विनोदावर हसल्या. "1922 चं हॉटेल आहे. मोनिका फ्लिन म्हणून बाई होती, बाप फ्रेंच गवंडी. त्या काळात बाईनं एकटीनं हॉटेल चालवायचं! तिची गोष्ट अशी सांगतात की एकदा भरलेली पोळी चुकून तेलाच्या कढईत पडली. बाईच्या तोंडात शिवी आली. पण आजूबाजूला घरातली पोरं. तेव्हा तिनं शिवी गिळली आणि तोंडाला येईल ते म्हणाली, चिमिचांगा! झालं, पदार्थाचं बारसं झालं. फिनिक्सवाले म्हणतात, नाही, आमच्याकडे झाला. म्हणू देत. मी बाईच्या बाजूची. कढईत काही पडल्यावर कसं होतं, ते मला ठाऊक आहे."

मला ही गोष्ट खरी वाटत नाही. पण काकूंसमोर तसं म्हणण्याची माझी टाप नाही.

"बाबांना काय दाखवू? त्यांना शेतीत रस."

"मग हा बघ." काकूंनी भिंतीवर एक खाकी पुडी ठेवली. पीठ होतं, बदामी रंगाचं. बोटाला लावून चाटलं तर गोडसर, भाजक्या हुलग्यासारखा वास. "ओळख."

मला येईना.

"वेडी बाभूळ! म्हणजे तिची इथली चुलत बहीण, मेस्किट. तिच्या शेंगा वाळवून दळतात. तुझ्या सासऱ्यांनी बांधावरची उपटून उपटून जन्म घालवला असेल. इथे फोर्थ ॲव्हेन्यूवरच्या को-ऑपमध्ये तिचं पीठ डॉलर मोजून घेतात. आणि तेपारी घे. इथल्या तोहोनो ओऽधाम लोकांची जुनी कडधान्यं, पाऊस दोन वेळा पडला तरी पीक येतं. आपली मटकी जशी. ए माउंटनच्या पायथ्याशी मिशन गार्डन आहे, तिथे ने सासऱ्यांना. त्या जागी 4000 वर्षांहून जास्त काळ शेती होते आहे. युनेस्कोनं 2015 साली या गावाला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हटलं, अमेरिकेतलं पहिलं, ते काय हॉटेलं बघून नाही. ते या शेंगा-बियांमुळे."

ऊन भिंतीवर चढलं होतं. काकू बादलीवरून उतरल्या आणि पलीकडून फक्त आवाज आला, "रास्पादो विसरू नकोस गं! बर्फाचा गोळा, आंबा घालून. मिरचीचं लाल आंबट सरबत वर नको म्हण पहिल्या दिवशी!"

आई-बाबा आले. आईंना ऊन बघून बरं वाटलं, त्या म्हणाल्या, "हवा आपलीच आहे, फक्त घाम येत नाही." पहिल्याच रविवारी आम्ही एका तोर्तियाच्या दुकानात गेलो. काउंटरमागे एक बाई पोळी हातावर खेळवत होती. मी मांतेकाचं विचारलं, नाही म्हणाली. आई बघत राहिल्या. दोघींना एकमेकींची अक्षरभर भाषा येत नव्हती. आईंनी हात वर करून कोपर जरा बाहेर काढायची खूण केली. बाई थांबली, तिनं कोपर बाहेर काढलं, पोळी आणखी वीतभर उतरली आणि ती बाई मोठ्यानं हसली. आईंनी एक पोळी उजेडात धरली, कडेला नखानं दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "कडा जाड आहेत." मग चार पुडकी घेतली. तेपारीची उसळ त्यांनी दुसऱ्या दिवशी केली आणि तिला मटकीची थोरली जाऊ असं नाव दिलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मान्सून आला. हो, इथेही त्याला मान्सूनच म्हणतात. अर्धा तास धो धो, मग सगळीकडे क्रिओसोटच्या झुडपांचा ओला, औषधी वास. दुसऱ्या पहाटे नळीची गरज नव्हती, तरी बादली वाजलीच.

"कोणी आहे का गं तिकडे?" काकू कुजबुजल्या.

"नाही. आई अंघोळीला गेल्यात."

"मग ऐक. पण कुणाला बोलू नकोस. काल आमचे हे आणि तुझे सासरे मिशन गार्डनला गेले होते ना?"

"हो. तीन तास."

"एक तास मिशन गार्डन. दोन तास साउथ ट्वेल्थ ॲव्हेन्यू." काकूंनी इकडे तिकडे पाहिलं. "एल ग्वेरो कानेलो."

माझ्या हातातलं खुरपं खाली पडलं. एल ग्वेरो कानेलो म्हणजे सोनोरन हॉट डॉग. 1993 साली एका हातगाडीवर सुरू झालं आणि 2018 साली त्याला जेम्स बिअर्डवाल्यांनी अमेरिकन क्लासिक म्हणून गौरवलं. सॉसेजला बेकनची पट्टी गुंडाळून भाजायची, होडीसारख्या मऊ पावात ठेवायची, वर घेवडे, कांदा, टोमॅटो, मेयोनीज, मोहरीचा सॉस, मिरचीची चटणी. शेजारी एक पिवळी मिरची भाजून.

"एक खाल्ला?"

"दोन. आमचे हे सांगत होते, पहिल्या घासाला डोळे मिटले त्यांनी. दुसऱ्याला म्हणाले, ही मिरची लवंगीपेक्षा कमी आहे. मग यांनी त्यांना चिल्तेपीनची चटणी दिली, वाटाण्याएवढी रानमिरची असते बघ. तेव्हा कुठे गप्प झाले. आता ठरवताहेत, पुढच्या आठवड्यात मि निदितोला जायचं. क्लिंटन 1999 साली आला होता तिथे. त्यानं जे जे खाल्लं ते सगळं एका ताटात देतात, प्रेसिडेंट्स प्लेट म्हणून. सासूबाईंना म्हणे लायब्ररीला जातो असं सांगणार. इंग्रजी वाचायला!"

"अहो, पण आईंना कळलं तर…"

"त्यांच्या मिशीला मोहरी होती," आवाज आला.

आमच्या भिंतीच्या आतल्या बाजूला, लिंबाच्या झाडाखाली, आई ओले केस झटकत उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. भिंत त्यांच्याही कपाळाला लागते, म्हणून पलीकडून त्या काकूंना दिसल्याच नव्हत्या.

काकू बादलीवर जागच्या जागी लटपटल्या. "वहिनी, मी म्हणत होते की…"

"ते असू द्या," आई म्हणाल्या. त्यांनी टॉवेल माझ्या हातात दिला आणि भिंतीची उंची नजरेनं मापली. "तुमच्याकडे आणखी एक बादली आहे का?"