विद्यार्थिपालक : स्वरूप, अधिवास आणि परीक्षा

ज्या प्रौढ व्यक्तीच्या नावावर विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक आहे, जिच्या अपत्याच्या नावावर शाळेचा हजेरी क्रमांक आहे आणि या दोहोंपैकी फक्त दुसराच जिला तोंडपाठ आहे, अशा व्यक्तीला प्रस्तुत विवेचनात ‘विद्यार्थिपालक’ ही संज्ञा वापरली आहे. महाराष्ट्रात ही जमात फार पुरातन नाही. कॉलेजची पायरी न चढता केवळ परीक्षेपुरते विद्यापीठाचे तोंड पाहणारे बहिःस्थ विद्यार्थी पूर्वीही होते. परंतु १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाल्यावर घरबसल्या शिकण्याला स्वतःची पुस्तके, स्वतःची अभ्यासकेंद्रे आणि स्वतःचे शुल्क प्राप्त झाले. पुढे २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ सुरू झाले आणि २०२०च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने संपूर्ण पदवीच ऑनलाइन देण्याघेण्याची रीतसर चौकट घालून दिली, तेव्हा तर अभ्यासकेंद्रापर्यंत जाण्याचे निमित्तही अनेकांच्या हातून निसटले. हे नुकसान किती मोठे होते, हे पुढे स्पष्ट होईल.

नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने, म्हणजे डॉ. राम ताकवले संस्थापक कुलगुरू असलेल्या संस्थेने, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद स्वीकारले आणि ते बऱ्याच अंशी खरेही करून दाखवले. मात्र गंगा घरात आल्यावर तिने नेमके कोठून वाहावे, याविषयी ब्रीदवाक्य मौन बाळगते. मध्यमवर्गीय घरात ती सामान्यतः जेवणाच्या टेबलावर अवतरते, जेथे तिच्या आधीपासून इस्त्रीला द्यायचे कपडे, एक झाकण नसलेली पाण्याची बाटली, विजेचे बिल, वाळत ठेवलेले चित्रकलेचे कागद आणि कोणीही आपली म्हणून कबूल करत नाही अशी अर्धी खाल्लेली चिक्की यांचे वास्तव्य असते. या सर्वांना एका कोपऱ्यात सरकवून निर्माण केलेल्या लॅपटॉपएवढ्या जागेत भारतीय राज्यघटना, सांख्यिकी किंवा ग्रंथालयशास्त्र यांचे अध्ययन चालते, आणि जेवणाची वेळ झाली की घटनेलाही सरकावे लागते.

काळाचा प्रश्न जागेच्या प्रश्नाहून गहन आहे. मुक्त शिक्षणात अभ्यासाचा भार ‘श्रेयांक’ या एककात मोजतात आणि प्रचलित हिशेबानुसार एक श्रेयांक म्हणजे वाचन, व्याख्याने, गृहपाठ असे सर्व मिळून सुमारे ३० तासांचा अभ्यास. दोन वर्षांची ८० श्रेयांकांची पदव्युत्तर पदवी घेतल्यास २,४०० तास होतात. सणवार, पाहुणे, ताप, बारशी आणि सोसायटीची वार्षिक सभा यांपैकी काहीही घडत नाही असे गृहीत धरून ते रोजच्या रोज वाटले, तर दररोज ३ तास १७ मिनिटे पडतात. यांतील तीन तास कोठून आणायचे याचा शोध विद्यार्थिपालक आयुष्यभर घेत राहतो; १७ मिनिटे तो पहिल्याच आठवड्यात बुडीत खात्यात टाकतो. अनुभवी मंडळी पहाटे साडेचारची वेळ सुचवतात. तिला एकच आक्षेप आहे: इतर दिवशी सव्वासातला पाणी शिंपडूनही न उठणारे मूल पुस्तकाचे पान उलटल्याच्या आवाजाने चार पस्तीसला उठते, डोळे चोळत येते आणि हे काय चालले आहे असे विचारून तेथेच मांडीवर झोपते, त्यामुळे पुढची दोन पाने एका हाताने वाचावी लागतात.

दूरशिक्षणाच्या शास्त्रात मायकेल मूर या अमेरिकी अभ्यासकाचे एक गाजलेले प्रतिपादन आहे. शिकणारा आणि शिकवणारा यांच्यातील अंतर मैलांत मोजू नये. दोघांत संवाद किती होतो, अभ्यासक्रमाची चौकट किती ताठर आहे आणि विद्यार्थी स्वतःच्या बळावर किती शिकू शकतो यांवरून ते ठरवावे, असा त्याचा आशय आहे. हे प्रतिपादन विद्वत्तापूर्ण आहे, परंतु विद्यार्थिपालकाची तक्रार प्राध्यापक दूर असल्याची नसतेच. प्राध्यापक दूर आहे याचे त्याला कौतुकच असते, कारण संपूर्ण परिचयातली तीच एक व्यक्ती अशी आहे की जी ‘माझा दुसरा मोजा कुठे आहे’ असे विचारत नाही. खरी अडचण कुटुंब जवळ असण्याची आहे आणि त्या जवळिकीचे मापन कोणत्याही सिद्धांताने अद्याप केलेले नाही.

या जवळिकीच्या मुळाशी मराठी घराचा एक अलिखित नियम आहे: चपला घालून जे केले जाते ते काम, आणि अनवाणी जे केले जाते ती सवड. नोकरीला जाणारा माणूस उंबरा ओलांडतो म्हणून तो कामात आहे. शाळेला जाणारे मूल दप्तर घेऊन रिक्षात बसते म्हणून त्याचा अभ्यास खरा. घरातल्या घरात कानांत इअरफोन घालून पडद्याकडे पाहत बसलेली व्यक्ती काय करत आहे याचा कोणताही दृश्य पुरावा नसल्याने ती मोकळी आहे असे धरून चालणे सर्वांना सोयीचे जाते. येथे एक भेद नोंदवणे भाग आहे. विद्यार्थिपालक पुरुष असल्यास ‘बाबांचे लेक्चर चालू आहे, तिकडे जाऊ नकोस’ अशी सूचना घरभर आपोआप फिरते आणि टीव्हीचा आवाज कमी होतो. विद्यार्थिपालक स्त्री असल्यास घरातील वडीलधारी मंडळी अत्यंत प्रेमाने ‘तुझं चालू दे, तू उठू नकोस, फक्त तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर’ असे सांगतात. हे वाक्य प्रोत्साहनपर आहे आणि बोलणाऱ्याचा हेतूही शुद्ध असतो. तथापि महागाईची कारणमीमांसा आणि शिट्ट्यांची मोजणी एकाच मेंदूत चालू राहिल्यामुळे परीक्षेत महागाईची कारणे हमखास तीनच लिहिली जातात.

या पार्श्वभूमीवर अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्राचे माहात्म्य लक्षात येते. संपर्कसत्र म्हणजे बहुधा रविवारी होणारी प्रत्यक्ष तासिका, आणि तीत शिकवणाऱ्यास मुक्त विद्यापीठाच्या परिभाषेत ‘समंत्रक’ म्हणतात, कारण त्याने व्याख्यान झोडायचे नसून शंकांचे निरसन करायचे असते. सत्राला जाताना साडी किंवा ड्रेस बदलावा लागतो, पर्स घ्यावी लागते आणि मुख्य म्हणजे चपला घालाव्या लागतात, त्यामुळे घरातील सर्वांना हे शिक्षण आहे याची खात्री पटते. शंका विचारण्यासाठी येणाऱ्यांची संख्या तेथे थोडी असते. बाकीची मंडळी एका बाकावर सलग तीन तास कोणी हाक न मारता बसायला मिळते म्हणून येतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी तल्लीनता दिसते ती विषयामुळे आहे असे समजण्याइतका भोळा समंत्रक सहसा आढळत नाही.

परीक्षांचे वेळापत्रक आणि कुटुंबाचे पंचांग यांचा मेळ हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय होईल. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या सत्रांत परीक्षा प्रघाताने जून आणि डिसेंबर या महिन्यांत येतात. दिल्लीत बसून हे दोन महिने निर्वेध वाटले असावेत. महाराष्ट्रात मात्र जूनमध्ये शाळा उघडतात, म्हणजे वह्यापुस्तकांना खाकी कव्हरे घालणे, लेबलांवर सुवाच्य अक्षरांत नावे लिहिणे, मागच्या वर्षीचा रेनकोट आखूड झाल्याचा शोध भर पावसात लागणे आणि बहुतेक वर्षी वटपौर्णिमाही याच महिन्यात येणे, असा भरगच्च कार्यक्रम असतो. डिसेंबरात शाळेचे स्नेहसंमेलन येते, ज्यासाठी मुलाला मावळा, फुलपाखरू किंवा कोबी व्हावे लागते आणि त्याचा पोशाख आदल्या रात्री हवा असल्याचे शाळेने पंधरा दिवसांपूर्वी कळवलेले असूनही घरात ते आदल्याच रात्री समजते. त्यातून वाचलेल्या दिवसांवर लग्नाचे मुहूर्त निघतात. लग्नाला न जाण्याचे कारण म्हणून ‘परीक्षा आहे’ हे वाक्य मुलाच्या बाबतीत ताबडतोब मान्य होते. चाळिशीतल्या मावशीने ते उच्चारल्यास समोरची व्यक्ती क्षणभर थांबते आणि मग ‘बरं, निदान हळदीला तरी ये’ असे म्हणते.

ऑनलाइन देखरेखीखालील परीक्षेने या कथेत नवे पात्र आणले आहे. या पद्धतीत उमेदवार घरीच बसून उत्तरे देतो आणि संगणकाचा कॅमेरा व ध्वनिग्राहक त्याच्यावर पहारा ठेवतात. खोलीत दुसरी व्यक्ती दिसू नये, दुसरा आवाज येऊ नये आणि नजर पडद्यावरून वारंवार ढळू नये, अशा अटी साधारणतः असतात. या अटी घालणाऱ्याने डोंबिवलीतील दोन खोल्यांचे घर पाहिलेले नसावे. परीक्षेच्या दिवशी कुटुंबाला स्वयंपाकघरात स्थानबद्ध करून दाराला आतून कडी लावली, तरी खालून जाणाऱ्या भंगारवाल्याला स्थानबद्ध करता येत नाही. दाराच्या फटीतून ‘आई, तू बोलू नकोस, फक्त मान हलव, बिस्कीट खाऊ का?’ असा नियमांची पूर्ण जाण असलेला प्रश्न येतो. आईने मान हलवावी, तर नजर ढळते. न हलवावी, तर तोच प्रश्न अधिक मोठ्या आवाजात पुन्हा येतो. अशा प्रसंगी पहारेकरी यंत्रणा पडद्यावर तांबडी सूचना झळकवते. यंत्राला बिस्कीट कळत नाही.

अपत्याच्या दृष्टीने पाहता या साऱ्या प्रकारात पालकाच्या अधिकाराचे मोठे नुकसान होते, ज्याकडे शिक्षणतज्ज्ञांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. ‘शेवटच्या दिवसापर्यंत ठेवू नये, रोज थोडे थोडे करावे’ हा उपदेश ज्या आईने सहा वर्षे केला, तिला गृहपाठ रात्री ११ वाजून ५९ मिनिटांच्या मुदतीपूर्वी ११ वाजून ५२ मिनिटांनी पाठवताना मुलाने एकदा पाहिले की तो उपदेश पुन्हा उच्चारता येत नाही. शिवाय मुदतवाढ नावाची गोष्ट जगात असते, हे ज्ञान मुलाला अकाली प्राप्त होते. दीडपट वेगाने व्याख्यान ऐकणाऱ्या वडिलांना पाहून वाढलेली मुलगी आजोबांच्या गोष्टीलाही तोच वेग मागते. दुसरीकडे, स्वयं-अध्ययन पुस्तकांतील ‘आपली प्रगती तपासा’ या प्रश्नांची उत्तरे तपासण्याचे काम घरातील मूल अतिशय उत्साहाने पत्करते आणि त्यासाठी स्वतःच्या शाळेतल्या बाईंचा आवाज व लाल पेन वापरते. अशा मूल्यमापनात पूर्ण गुण कोणालाही मिळत नाहीत, कारण अक्षरासाठी दोन गुण राखून ठेवलेले असतात आणि ते पालकांना देण्याचे काहीच कारण परीक्षकाला दिसत नाही.

पालक आणि अपत्य एकाच वर्षी परीक्षेला बसून एकाच वर्षी उत्तीर्ण झाल्याच्या बातम्या निकालाच्या हंगामात मराठी वृत्तपत्रांत येत असतात. या बातम्यांत सहसा छायाचित्र असते, पेढा असतो आणि दोघांच्या टक्केवारीची तुलना असते. मुलाचे गुण जास्त असतील, तर पेढा आई भरवते आणि सर्वांना धन्य वाटते. आईचे गुण जास्त असतील, तर पेढा तरीही आईच भरवते; फक्त त्या दिवशी मुलगा छायाचित्रकाराला लवकर आटपायला सांगतो, आणि रात्री आईची गुणपत्रिका कपाटात ठेवायला घेऊन जाताना तिच्यातील बेरीज एकदा स्वतः करून पाहतो.