नागपूरचा कूलर, ठाण्याची हवा

नागपूरकराला उन्हाळा शिकवायला कुणी येऊ नये, असं माझं ठाम मत होतं. म्हणून ठाण्याला बदली झाली तेव्हा टेम्पोत फ्रिजच्या आधी कूलर चढला. पत्र्याचा, नव्याकोऱ्या वाळ्याच्या ताट्यांचा. "तिकडे पारा 34वर अडतो. 44ला पुरणारा कूलर 34ला लावला तर गोधडी लागेल," मी बायकोला बजावलं. गोधडीही घेतली.

सोसायटीने खिडकीबाहेर स्टँड लावू दिला नाही, म्हणून कूलर हॉलमध्येच मांडला आणि शेजारच्या काकांना गारवा खायला बोलावलं. अर्ध्या तासात काकांचा सदरा पाठीला चिकटला, बशीतला चिवडा मऊ पडला आणि देवापुढची काडेपेटी पेटेना. "वास मात्र छान आहे हो," म्हणून काका उठले.

मोबाइलवर पाहिलं तर आर्द्रता 65 टक्के. हवेत एवढं पाणी? मग आपल्याला कल्ले का नाहीत? शेवटी मुलीने भूगोलाचं पुस्तक पुढ्यात टाकलं. तो आकडा सापेक्ष आर्द्रतेचा! त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावेल, तिच्या 65 टक्के. हवा तापली की मावण्याची क्षमता वाढते, म्हणून वाफ तेवढीच राहूनही दुपारी आकडा उतरतो. खरी वाफ किती, ते सांगतो दवबिंदू, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत थंड केली की दव पडू लागेल ते तापमान. 43 अंश आणि 20 टक्क्यांच्या नागपुरी दुपारी तो 15च्या आसपास येतो. 34 अंश आणि 65 टक्क्यांच्या ठाण्यात 26च्या वर. म्हणजे वाफ जवळपास दुप्पट. कूलरची सगळी मदार ताटीवरचं पाणी सुकण्यावर. इथे मुळात घामच सुकत नाही, तर ताटी काय सुकणार! त्यात बंद खोलीत मी तीच ओली हवा फिरवत बसलो होतो.

"अहो, बाबा तिकडे नेहमी दार किलकिलं ठेवायला सांगायचे," बायको म्हणाली. सासऱ्यांचं कधी ऐकलंय?

तर कूलर विकणे आहे. पंप उत्तम, ताट्या नव्या, वापर अर्धा तास. गिऱ्हाईक विदर्भातलंच हवं. टेम्पोचं भाडं मी देईन.