न आलेल्या बाईचं मत

गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर महाराष्ट्रात बायकांना मतदान मागता येतं. मतपत्रिकेवर दोन बाटल्या. उभीवर शिक्का मारला तर दुकान चालू, आडवीवर मारला तर बंद. हा हक्क कुणी आणून दिला नाही, बायांनी उन्हातान्हात मोर्चे काढून मिळवला. म्हणूनच त्यातली मेख सांगायला हवी.

आधी पंचवीस टक्के बायकांच्या सह्या. त्यांची पडताळणी. मग मतदान. आणि आडवी बाटली जिंकायला पडलेल्या मतांतली निम्म्याहून जास्त मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त लागतात. समजा यादी हजाराची. सहाशे जणी आल्या. 480 आडवीला, 120 उभीला. चौपट मतं मिळवून आडवी बाटली हरली. दुसऱ्या दिवशी शटर वर.

आमदाराला आहे का ही अट? तिथे पडलेल्या मतांत एक मत जास्त मिळालं की गुलाल उधळतो.

न आलेली बाई कोण असते? लग्न होऊन सासरी गेलेली, पण नाव इथल्याच यादीत राहिलेली. वारलेली. दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली. नवऱ्याने त्या दिवशी बाहेरून कडी घातलेली. या सगळ्यांची मतं, न विचारता, उभ्या बाटलीच्या पारड्यात.

अशा एका मतदानाला मी शाळेच्या फाटकापाशी उभा होतो. एक म्हातारी मत देऊन बाहेर आली आणि अंगठ्याला लागलेली शिक्क्याची शाई थुंकी लावून पदराने घासायला लागली. जाईना. म्हणाली, ‘‘पोरानं बघितलं तर मारील रे.’’ तरी ती आली होती. तिच्या शेजारणी त्याच भीतीने घरी बसल्या आणि त्यांची भीती दुकानाच्या खात्यात जमा झाली.

‘दुकान बंद केलं की लोक हातभट्टीकडे वळतात’ हे उत्तर ठरलेलं. हातभट्टी मारते, खरं आहे. 2015 साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. पण तेव्हा मुंबईतली दुकानं काय बंद होती? सगळी उघडी होती. हातभट्टी रोखणं पोलिसांचं काम आहे, त्याचा भार बायकांच्या मतावर कशाला?

खरी अडचण तिजोरीची. जून 2025 मध्ये सरकारने मद्यावरचं शुल्क वाढवलं आणि त्यातून 14 हजार कोटींचं जादा उत्पन्न धरलं. धरा. पण दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि 2019 मध्ये आलेल्या पाहणीनुसार, दारूची पक्की लत लागलेल्या 38 माणसांपैकी उपचार मिळतात एकालाच. उरलेल्या 37 जणांचं काय करायचं ते त्यांच्या बायका बघतात. डबे रिकामे होतात, मंगळसूत्र गहाण पडतं, पोरीची शाळा सुटते. या सगळ्याचा आकडा कुठल्याच अर्थसंकल्पात येत नाही.

मागणी एवढीच आहे: निकाल पडलेल्या मतांवर लावा, जसा आमदारांचा लावता. आणि ते होईपर्यंत, तुमच्या गावात हे मतदान लागलं तर यादी घेऊन दारोदार फिरा, मेलेल्यांची नावं मुदतीत कमी करून घ्या, आणि घाबरलेल्या बाईला घरापासून शाळेपर्यंत आणि शाळेपासून घरापर्यंत सोबत करा.