चिरंजीवांचा पंखा

ती. बाबा, ती. सौ. आई, ती. काका,


काल काकांनी फोनवर "इंजिन मोठं घाला, नायतर पोरगा वाहून जायचा" असा हुकूम सोडला आणि फोन कटला. आपल्याकडे पत्र पडवीत मोठ्यानं वाचलं जातं, त्यामुळे सूनबाई 'मी-मी' टाळून बातमीपत्रच धाडते आहे. कुकर लावलाय, शिट्ट्या होईस्तोवर जमेल तेवढं.

आपले चिरंजीव जिच्या नादाला लागलेत ती बोट 'वेस्टर्ली सेंटॉर'. शिडाची, २६ फुटी. १९६९ ते १९८० या काळात इंग्लंडात अशा दोन हजारांवर बांधल्या. तळाला दोन कील, त्यामुळे ओहोटीला पोर्ट्समथच्या चिखलात ती स्वतःच्या पायांवर उभी राहते. चिरंजीवांनी हा गुण अजून घेतलेला नाही.

आधीच्या मालकानं मूळचं अवजड धूड काढून २० अश्वशक्तीचं नवं इंजिन बसवलं, पंखा मात्र जुनाच ठेवला. दुखणं तिथंच होतं. इंजिन मिनिटाला ३६०० फेऱ्यांचं, पण पूर्ण रेटलं तरी ३२०० च्या पुढे जाईना, वर काळा धूर. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जेवढं पाणी कापू पाहतो ते अंतर, इंजिनाला झेपत नव्हतं. पिच इंचभर कमी केला की दीडशे-दोनशे फेरे वाढतात, असा इथला ठोकताळा. आधी शंख-शिंपल्यांचा थर खरवडला, मग कारखान्यात पात्यांचा पिच दोन इंचांनी उतरवून घेतला. धूर गेला.

काका, मोठ्या इंजिनाचं म्हणाल तर तुमच्या ट्रॉलरला जाळं ओढायचं असतं. हिला फक्त स्वतःला ओढायचंय. पाण्यालगतची लांबी साधारण सव्वाएकवीस फूट. तिचं वर्गमूळ गुणिले १.३४, म्हणजे सहा नॉटच्या जरा वर. त्यापुढे बोट स्वतःच्याच लाटेत अडकते. ताकद दुप्पट केली तरी वेग अर्ध्या-पाऊण नॉटनं वाढायचा, आणि खर्च बसवणावळीसकट दहा हजार पौंडांच्या पुढे. बाबा, रुपये करू नका, गोळी घ्यावी लागेल. जोर लागतो तो इथल्या सामुद्रधुनीच्या, हर्स्टजवळच्या चिंचोळ्या तोंडाशी. उधाणाला तिथं चार नॉटहून जास्त ओढ असते. त्यावर इथले जुने तांडेल इंजिन वाढवत नाहीत, भरतीचं कोष्टक बघतात.

आता डिझेल. हौशी बोटींना इथं लाल रंगाचं मिळतं. त्यातलं जेवढं बोट चालवायला जाळाल त्यावर पुरा कर, जेवढं उबेला त्यावर सवलत. फरक लिटरमागे चाळीस पेन्सच्या वर. किती कशाला, ते गिऱ्हाइकानंच सांगायचं! सगळे डोळे झाकून ६० टक्के चालवायला, ४० टक्के उबेला असं सांगतात, भर ऑगस्टातसुद्धा. आपल्या बोटीवर हीटरच नाही. चिरंजीवांनी छाती काढून "शंभर टक्के चालवायला" म्हटलं. पंपवाल्यानं पुन्हा विचारलं. यांनी पुन्हा तेच सांगितलं. मागच्या बोटीतली म्हातारी बघतच राहिली. बाबा, हे वळण तुमचं. पैसे आमचे गेले.

चिरंजीवांच्या डोक्यात आता मिटणारा पंखा आहे. शिडावर जाताना पाती मिटतात, पाण्याचा अडसर कमी होतो. किंमत हजार पौंडांच्या पुढे. सूनबाईनं तेवढ्या पैशांत शिमग्याला दोघांची तिकिटं येतात एवढंच म्हटलं. त्यावर गडी गप्प झाला आणि रात्री उशिरा पालखीचे जुने फोटो बघत बसला. पहाटे डिझेलचा वास आला की त्याला हर्णै बंदर आठवतं. तोंडानं कबूल करणार नाही.

शिट्ट्या झाल्या, आटपते. पार्सल पोचलं. कुळथाचं पीठ शाबूत, मिरगुंडांचा भुगा. तोही चिरंजीवांनी चमच्यानं संपवला. बेबीआत्या खरंच वेगळी चूल मांडतेय? मग पाटा-वरवंटा कुणाकडे? कलमांच्या वादात आईंनी पडू नये, असं सूनबाईचं नम्र मत. आणि गजासाठी ठरलेली ती मुलगी गुहागरची की दाभोळची, हे तीन फोनांत तीन तऱ्हांनी ऐकलं. नक्की काय ते उलट टपाली कळवा, आहेर इथूनच घ्यायचाय.

आपली,
सूनबाई