थाऊकाका

रायपुरातून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की भनपुरी येते. लाकडाच्या वखारी, फॅब्रिकेशनची शेडं, ट्रकांच्या रांगा आणि उन्हाळ्यात थेट डोळ्यांत शिरणारी धूळ. अशा ठिकाणी एका शेडमध्ये, वेल्डिंगच्या टेबलावर, दोन उशांच्या मधोमध, अमेरिकेहून आलेली ६७ इंची कार्बन फायबरची स्लालम वॉटर स्की चार महिने निजून होती. तिला पाणी लागलं ते एकदाच, काकूंनी ओल्या फडक्यानं पुसली तेव्हा.

शेडचे मालक आमचे थाऊकाका. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, लेथवाल्यांचा शब्द. भनपुरीत बाकी जग सुतात बोलतं. 'दोन सूत उतरव' म्हटलं की पाव इंच जातो आणि कोणाचं काही अडत नाही. काका मात्र थाऊत बोलतात. घरात कॅरम मांडला की आधी बोर्डाखाली वर्तमानपत्राच्या घड्या जातात, मग पाणसळ येते, मग घड्या बदलतात. तोवर मुलं झोपलेली असतात. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीतल्या गाण्याच्या कार्यक्रमाला काकांनी माइक 'सेट' केला त्या संध्याकाळी श्रोत्यांनी अख्खा तास 'हॅलो' हाच एक शब्द वेगवेगळ्या पट्ट्यांत ऐकला. गाणारी बाई शेवटी माइक बाजूला सारून गायली आणि छान गायली. 'पाहिलं?' काका म्हणाले, 'हॉलचं सेटिंग बसलं.'

१७४१ साली नागपूरकर भोसल्यांचा भास्करपंत रतनपुरावर चालून आला, त्या फौजेत आपला मूळपुरुष होता असं काका अभिमानानं सांगतात. माझा अंदाज असा की तो घोड्याचा तंग आवळत मागे राहिला असावा. एक भोक पुढे, एक भोक मागे. लढाई संपल्यावर पोचला, आणि घराणं इथेच स्थायिक झालं.

स्कीचा दोष त्यांच्या भाच्याचा. काका फ्लोरिडाला त्याच्याकडे गेले होते, तेव्हा त्यानं हौसेनं तळ्यावर नेलं. एकाच फळीवर, एका पायामागे दुसरा पाय ठेवून, बोटीच्या दोरीला धरून माणसं डावी-उजवीकडे सपासप कापत होती. काकांनी तीन सकाळी काठावर बसून पाहिलं आणि चौथ्या दिवशी भाच्याला सांगितलं, 'तुझी मागची पट्टी जराशी खोल पाहिजे.' स्कीच्या शेपटीखाली अल्युमिनियमची पट्टी असते, तिला फिन म्हणतात. ती किती लांब, किती खोल, शेपटीच्या टोकापासून किती अंतरावर, हे सगळं खरोखरच व्हर्नियरनं मोजतात आणि पाच-पाच थाऊंनी हलवतात. पाच थाऊ म्हणजे पोस्टकार्डाची निम्मी जाडी. शिवाय फिनला एक छोटा पंख असतो, त्याचा कोन निराळा. आणि पाय अडकवायचे बूट एखादं भोक पुढे-मागे सरकवता येतात, ते निराळंच. म्हणजे बघा, देवानं काकांसाठी एक खेळ घडवला होता आणि पासष्ट वर्षं त्यांच्यापासून लपवून ठेवला होता. भाच्यानं फिन हलवली, त्या दिवशी तो बरा खेळला, आणि निरोप देताना त्यानं काकांना एक कोरी स्की भेट दिली. असल्या भेटी विचार करून द्याव्यात.

मग भनपुरीत मोजणी सुरू झाली. दोनशे पानी डायरी, प्रत्येक पानावर रकाने: लांबी, खोली, अंतर, पंख, बूट, पाण्याचं तापमान. पाणी नव्हतं, म्हणून टाकीचं तापमान. एलन की गळ्यात दोरीनं बांधलेली. 'एका वेळी एकच बदल करायचा,' ते मला बजावत, 'नाहीतर कशानं काय झालं ते समजतच नाही.' तत्त्व बिनतोड होतं. फक्त काही होत नव्हतं.

खेळाची आकडेवारी त्यांना मुखोद्गत. २५९ मीटरचा मार्ग, वळसा घालायला सहा बॉय म्हणजे तरंगते गोळे, पुरुषांसाठी बोटीचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर. दोरी १८.२५ मीटरपासून टप्प्याटप्प्यानं आखूड करत नेतात. 'अन् मजा पाय,' काका म्हणत, 'बॉय मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटरवर, अन् दोरी सव्वाअकराची करून टाकतात! उरलेलं अंतर माणसानं अंग लांबवून भरायचं.' तेलीबांधा तलावावर, ज्याला रायपूरकर मरीन ड्राइव्ह म्हणतात, सकाळी फिरताना ते पावलं मोजून मार्ग बसवत. फिरायला आलेली माणसं त्यांना महापालिकेचा सर्व्हेवाला समजून नळाच्या तक्रारी सांगत.

मी एकदा त्यांना राल्फ सॅम्युएलसनची गोष्ट सांगितली. मिनेसोटातल्या लेक सिटीचा अठरा वर्षांचा पोरगा. १९२२ मध्ये त्यानं आईच्या भांड्यात फळ्यांची टोकं उकळून वाकवली आणि पेपिन तळ्यावर भावाच्या बोटीमागे पडत पडत उभा राहिला. वॉटर स्कीइंग तिथून सुरू झालं. मला सुचवायचं होतं ते पडण्याबद्दल. काका म्हणाले, 'बाक मोजला नसंल त्यानं. काहून पडला असता?'

शेवटी काकूंनीच तारीख काढली. 'अहो, एक तर ती पाण्यात घाला, नाहीतर मला टेबल द्या, पापड घालायचेत.' तेव्हा आम्ही धमतरीजवळच्या गंगरेल धरणावर गेलो, रायपूरहून नव्वदेक किलोमीटर. अंगारमोती मातेपुढे स्कीला हळद-कुंकू लावलं, फिनला वगळून, कारण कुंकवाचा थर धरून मोजमाप बदललं असतं. ओळखीतून एक मोटरबोट ठरली. चालक कोवळा पोरगा. लाइफ जॅकेट घालून काका पाण्यात उतरले, गुडघे पोटाशी, टोक वर, हातात दोरी.

पहिल्या ओढीला स्की एकीकडे, काका दुसरीकडे. वर येताच निदान: 'पाच थाऊ खोल.' काठावर आणून फिन हलवली, डायरीत नोंद केली. दुसऱ्यांदा नाकात पाणी: 'शेपूट जास्त धरून राहिली.' तिसऱ्यांदा बूट एक भोक मागे. काकू काठावर पोहे खात मोजत होत्या. त्यांच्या हिशेबानं अकरा, काकांच्या हिशेबानं सात, कारण चार वेळा 'चाचणीच नव्हती'. एकदाही ते गुडघ्यांबद्दल बोलले नाहीत. गुडघ्यांना स्क्रू नसतो.

आणि बाराव्या वेळी काका उठले. पाण्यातून सरळ, जॅकेटसकट, महानदीच्या त्या अफाट पाण्यावर थाऊकाका उभे! काकूंच्या हातातली बशी कलंडली. नऊ-दहा सेकंद असतील. मग दोरी सुटली आणि ते अलगद बुडाले.

आम्ही टाळ्या वाजवत होतो. काका वर आले ते रडवेल्या चेहऱ्यानं. 'ह्या वेळी काय बदललं होतं?' कोणीच काही बदललं नव्हतं. अकराव्या आणि बाराव्या नोंदीत थाऊचाही फरक नाही. चार महिन्यांचं शास्त्र गंगरेलमध्ये गटांगळ्या खात होतं.

बोटीवरचा पोरगा ओशाळून म्हणाला, 'थोकिन जादा खींच देंव, कका.' जरा जास्त ओढलं, एवढंच.

काकांनी डायरी उघडली. चालकासाठी रकानाच नव्हता. परतताना धमतरीत गाडी थांबवून पट्टी विकत घेतली आणि दोनशे पानांवर उभी रेघ मारत रायपूरपर्यंत आले. रात्री त्या पोराला फोन: किती वाजता उठला होतास, झोप किती झाली, सकाळी काय खाल्लं होतंस? बासी, तो म्हणाला. रात्रभर पाण्यात घातलेला भात, इथलं रोजचं खाणं.

पुढच्या शनिवारी रात्री काकूंचा मला फोन आला. 'भातात पाणी घालून ठेवायला सांगितलंय ह्यांनी. तुझ्याकडे मापाचा पेला आहे का रे?'